वाया गेलेला प्रकाश

1983 साली लंडनमध्ये ऑप्टिकल फायबर संवेदकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तोवर फायबरची काच माणसानं बनवलेल्या सर्वांत स्वच्छ पदार्थांत गणली जाऊ लागली होती. चारच वर्षांपूर्वी, 1979 मध्ये, जपानच्या एनटीटी या दूरध्वनी संस्थेतल्या संशोधकांनी असा तंतू ओढला होता की एक किलोमीटर गेल्यावरही त्यातला पाच टक्क्यांहून कमी प्रकाश हरवत होता. लोखंड, तांबं, पाणी यांचे अब्जांशातले अंश काचेतून हुसकून लावण्यात रसायनशास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी खपली होती. आणि या परिषदेत अमेरिकेतले एलायस स्नित्झर, विल्यम मोरी आणि विल्यम ग्लेन यांनी एक निबंध मांडला. त्याचा मुद्दा होता, फायबरच्या काचेत दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं मुद्दाम मिसळायची आणि तिच्याकडून तापमान मोजून घ्यायचं.

स्नित्झर यांना हे सुचावं यात नवल नव्हतं. 1961 मध्ये निओडिमियम मिसळलेल्या काचेचा लेसर त्यांनीच बनवला होता, आणि 1964 मध्ये चार्ल्स कोस्टर यांच्यासोबत अशाच काचेच्या तंतूत प्रकाश वाढवूनही दाखवला होता. पण तो काळ फायबर टेलिफोनच्या आधीचा. 1983 मध्ये हाच विचार प्रवाहाच्या उलट दिशेनं जाणारा होता. काचेत परकं काही घालणं म्हणजे प्रकाश गमावणं, हे तोवर प्रत्येक फायबर अभियंत्याच्या अंगवळणी पडलं होतं. पुढच्या चाळीस वर्षांत या गमावलेल्या प्रकाशाचंच एक शास्त्र उभं राहिलं. त्याची मुळं मात्र टेलिफोनच्या कितीतरी आधीची आहेत, आणि त्यातलं एक मूळ मुंबई बंदरापर्यंत येतं.

प्रकाश वाटेत विखुरतो का, याचं गणित 1871 मध्ये जॉन विल्यम स्ट्रट या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानं मांडलं. जग त्यांना पुढे लॉर्ड रॅले या नावानं ओळखू लागलं. तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांवर प्रकाश आदळला की तो चहूकडे उधळतो, आणि तरंगलांबी जितकी कमी तितकी ही उधळण जास्त, तीही चौथ्या घातानं. म्हणून निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे सहापट विखुरतो आणि आकाश निळं दिसतं. समुद्र निळा का, याचं उत्तर मात्र रॅले यांनी आकाशावर ढकललं: पाण्यात आकाशाचं प्रतिबिंब दिसतं, एवढंच.

हे उत्तर चंद्रशेखर वेंकट रामन यांना पटलं नाही. 1921 च्या सप्टेंबरमध्ये ते इंग्लंडहून ‘नरकुंडा’ जहाजानं परतत होते. भूमध्य समुद्रावर त्यांनी निकॉल प्रिझममधून पाण्याकडे पाहिलं. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा आकाशाचा प्रकाश त्या प्रिझमनं अडवला, तरी समुद्राची निळाई गेली नाही. उलट ती जास्तच गडद दिसली. म्हणजे रंग पाण्याच्या रेणूंचा होता. जहाज मुंबई बंदरात लागलं तेव्हा ‘नेचर’साठीचं त्यांचं पत्र तयार होतं, आणि त्यावरचा पत्ताही मुंबई बंदराचाच आहे. पुढची सात वर्षं कलकत्त्याच्या बौबाजार स्ट्रीटवरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये रामन आणि त्यांचे विद्यार्थी द्रवांमधून विखुरणाऱ्या प्रकाशाच्याच मागे होते. 1923 मध्ये के. आर. रामनाथन यांना शुद्ध केलेल्या पाण्यात एक क्षीण, न जुळणारा प्रकाश दिसला होता. त्याची उकल व्हायला 1928 साल उजाडलं. 28 फेब्रुवारीला रामन आणि के. एस. कृष्णन यांना स्पष्ट दिसलं की विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी छोटा भाग रंग बदलून येतो.

मॉस्कोत ग्रिगोरी लँड्सबर्ग आणि लिओनिद मांदेलश्ताम यांना त्याच फेब्रुवारीत हेच दिसलं होतं, क्वार्ट्झच्या स्फटिकात. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. फायबरही त्याचाच, फक्त स्फटिकाऐवजी काचेच्या रूपातला. या दोघांना मात्र रामन यांच्यासारखं नोबेल मिळालं नाही, आणि त्याची हळहळ रशियन शास्त्रज्ञांच्या लेखनात आजही जाणवते. कलकत्त्याचा मान त्यानं कमी होत नाही, पण फायबरच्या इतिहासात मॉस्कोचा तो क्वार्ट्झ विसरता येणार नाही.

रंग कसा बदलतो हे इथेच स्पष्ट केलेलं बरं, कारण पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे. प्रकाश रेणूला थोडी ऊर्जा देऊन पुढे जातो तेव्हा त्याचा रंग तांबड्याकडे सरकतो. त्याला स्टोक्स प्रकाश म्हणतात. रेणू आधीच कंप पावत असेल तर तो आपली ऊर्जा प्रकाशाला देतो आणि रंग निळ्याकडे सरकतो, हा अँटिस्टोक्स. आता कंप पावणारे रेणू किती, हे ठरतं उष्णतेवरून. वस्तू जितकी गरम, तितका तिचा अँटिस्टोक्स प्रकाश ठळक. म्हणजे रामन यांच्या शोधात थर्मामीटर पहिल्या दिवसापासून दडलेला होता.

रामन यांच्या गटातल्या एल. ए. रामदास यांच्याबद्दल चार वाक्यं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. द्रवांच्या पृष्ठभागावरून प्रकाश कसा विखुरतो यावर त्यांनी रामन यांच्यासोबत काम केलं, 1928 मध्येच वायू आणि वाफांमधला रामन परिणाम नोंदवला, आणि मग पुण्याला हवामान खात्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग उभा केला. 1932 मध्ये आत्मनाथन यांच्यासोबत त्यांनी दाखवून दिलं की शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटलेली नसते, ती थोडी वर असते. त्या थराला जग आज रामदास थर म्हणतं. वीतभर उंचीत तापमान कसं बदलतं हे त्यांनी साध्या तापमापकांनी टिपलं. रामन विखुरणावर चालणाऱ्या फायबर तापमापकानं आज जगभरचे जलशास्त्रज्ञ आणि हवामानशास्त्रज्ञ जमिनीलगतच्या आणि ओढ्यांतल्या तापमानाचा असाच बारीक आलेख काढतात. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या या दोन वाटा इतक्या उशिरा एकमेकींना भेटल्या.

विखुरण्याचा तिसरा प्रकार कागदावर आधी आला. काचेत किंवा द्रवात उष्णतेमुळे सतत ध्वनिलहरी फिरत असतात, त्यांच्यावरूनही प्रकाश विखुरेल, हे लेआँ ब्रिल्वाँ यांनी 1922 मध्ये आणि मांदेलश्ताम यांनी स्वतंत्रपणे 1926 मध्ये मांडलं. 1930 मध्ये येवगेनी ग्रॉस यांनी ते प्रयोगात पाहिलं. रॅले, रामन, ब्रिल्वाँ ही तीन नावं आज फायबर संवेदकांच्या प्रत्येक पुस्तकात एकामागून एक येतात. त्यांपैकी एकानंही आपलं काम कधी केबलमध्ये शिरेल असं स्वप्नात पाहिलं नसेल.

केबलची गोष्ट सुरू झाली 1966 च्या जुलैमध्ये. इंग्लंडमधल्या हार्लो गावी, स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी एक निबंध लिहिला. त्या वेळच्या चांगल्या काचेतून एक किलोमीटर प्रकाश पाठवायचा म्हटलं तर हजार डेसिबलची घट व्हायची. इतकी घट म्हणजे पलीकडे काहीच न पोचणं. काओ म्हणाले की हा दोष काचेचा नाही, तिच्यातल्या लोखंडासारख्या भेसळीचा आहे. ती काढली आणि घट किलोमीटरला 20 डेसिबलवर आणली, म्हणजे शंभरातला एक भाग जरी पलीकडे पोचला, तरी टेलिफोन चालेल. आणि अगदी शुद्ध काचेतही एक घट उरणारच, ती रॅले विखुरण्याची. वितळलेली सिलिका थंड होताना तिच्या घनतेतले बारीक चढउतार जागच्या जागी थिजतात आणि प्रकाश त्यांच्यावर विखुरत राहतो. ते कुणालाच काढता येत नाहीत.

1970 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीचे रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्झ यांनी 17 डेसिबल गाठलं. पण प्रकाश तंतूच्या गाभ्यात कोंडायचा तर गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या काचेपेक्षा थोडा जास्त हवा, आणि शुद्ध सिलिकात तो वाढवायचा तर काहीतरी मिसळावंच लागतं. त्यांनी टायटॅनियम मिसळलं. त्यामुळे तंतू तापवून घ्यावा लागे, आणि तापवला की तो ठिसूळ व्हायचा. दोन वर्षांत त्यांनी टायटॅनियमच्या जागी जर्मेनियम आणलं आणि घट 4 डेसिबलवर उतरली. आज छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला घडवलेल्या काचेचे जे तंतू वाळूजला ओढले जातात, त्यांच्या गाभ्यातही जर्मेनियमच असतं. म्हणजे ‘शुद्ध’ फायबर पहिल्या दिवसापासून थोडा भेसळीचाच होता. फरक इतकाच की ही भेसळ कमीत कमी विखुरेल अशी निवडलेली होती.

विखुरलेल्या प्रकाशाला पहिला मान मिळाला कॅलिफोर्नियातल्या मालिबूमध्ये. ह्यूज रिसर्च लॅबोरेटरीजचे मायकेल बार्नोस्की आणि एस. एम. जेन्सन यांनी 1976 मध्ये फायबरच्या एका टोकातून लेसरचा आखूड स्पंद सोडला आणि त्याच टोकाशी मागे येणारा प्रकाश मोजला. सह्याद्रीत कड्यासमोर हाक मारून प्रतिध्वनी किती वेळानं येतो यावरून अंतर काढावं, तसंच हे. फक्त इथे कडा एकच नसतो, तंतूचा प्रत्येक मीटर थोडा थोडा प्रतिसाद देत असतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे एक मायक्रोसेकंद उशिरा आलेला प्रकाश शंभर मीटरवरून आलेला असतो. एका मीटरमधून मागे फिरून हाती लागणारा प्रकाश मूळ प्रकाशाच्या कोटीतला जेमतेम एक भाग. तेवढ्यावर केबल कुठे तुटली, कुठे जोड नीट बसला नाही, हे कळू लागलं. आज तालुक्याच्या गावातही केबल तुटली की ‘ओटीडीआर लावा’ असं म्हणणारे तंत्रज्ञ भेटतात. तो ओटीडीआर याच प्रयोगातून निघाला.

इथून पुढचा प्रश्न आपोआप पडतो. मागे येणारा प्रकाश तुटलेली जागा सांगतो, तर तापलेली जागाही सांगेल का?

त्या प्रश्नावर सर्वाधिक काम झालं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउथॅम्प्टन विद्यापीठात. तिथे ॲलेक गँबलिंग यांचा गट 1960 च्या दशकापासून फायबर बनवत होता आणि त्याच गटात डेव्हिड पेन तयार झाले. 1972 मध्ये या गटानं एक विचित्र फायबर बनवला होता: काचेची केसासारखी पोकळ नळी, आणि तिच्यात गाभा म्हणून हेक्झाक्लोरोब्युटाडाईन नावाचा द्रव. तेव्हा घन काचेहून द्रव स्वच्छ मिळवणं सोपं होतं, म्हणून हा खटाटोप. घन फायबर सुधारले आणि द्रवाचा फायबर मागे पडला. पण 1983 मध्ये त्याच विद्यापीठातल्या आर्थर हार्टॉग यांनी तो पुन्हा बाहेर काढला. घन काचेतले घनतेचे चढउतार थिजलेले असतात, त्यामुळे तापमान बदललं तरी रॅले विखुरणं फारसं बदलत नाही. द्रवातले चढउतार मात्र जिवंत असतात, तापमानाबरोबर कमीजास्त होतात. द्रवाच्या फायबरवर ओटीडीआर लावून हार्टॉग यांनी तंतूच्या लांबीभर तापमान वाचून दाखवलं. टेलिफोनसाठी निरुपयोगी ठरलेला तंतू तापमापक म्हणून उत्तम निघाला. पण द्रव भरलेली काचेची नळी विजेच्या केबलच्या शेजारी किंवा बोगद्याच्या छतात वीस वर्षं राहील असं कुणी म्हणणार नव्हतं. घन फायबर हवा होता.

आता वाट दुभंगली, आणि दोन्ही फाट्यांवर साउथॅम्प्टनची माणसं होती. एक फाटा रामन यांचा. 1985 मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स’ या नियतकालिकात दोन निबंध आले: एक प्लेसी कंपनीचे जॉन डाकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, दुसरा हार्टॉग, लीच आणि गोल्ड यांचा. दोघांनीही साध्या, घन फायबरमधून मागे येणाऱ्या रामन प्रकाशावरून तापमान मोजलं. हा प्रकाश रॅले प्रकाशाच्या हजारपट फिका, पण अँटिस्टोक्स आणि स्टोक्स यांचं गुणोत्तर घेतलं की जोडातली घट, वाकलेला तंतू, लेसरचा चढउतार यांचा बराचसा परिणाम आपोआप कटून जातो. खोलीच्या तापमानाला एक अंश वाढला की अँटिस्टोक्स सुमारे 0.8 टक्क्यांनी वाढतो. एवढ्यावर काम भागतं.

दुसरा फाटा स्नित्झर यांच्या विचाराचा, काचेलाच संवेदनशील करण्याचा. यातली खरी अडचण स्वयंपाकाची होती, म्हणजे काच शिजवण्याची. फायबरची मूळ कांडी बनवताना सिलिकाची एक नळी लेथसारख्या यंत्रावर फिरत ठेवतात, आतून सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ आणि ऑक्सिजन सोडतात, बाहेरून ज्योत पुढे-मागे नेतात. आत काचेची भुकटी बसते, वितळून पारदर्शक थर होतो. शेवटी नळी मिटवून घन कांडी करतात आणि तिचा तंतू ओढतात. सिलिकॉन, जर्मेनियम यांची क्लोराइडं सहज वाफ होतात, म्हणून नळीतून वाहून नेता येतात. निओडिमियम किंवा एर्बियमची क्लोराइडं तशी नाहीत. ती साध्या तापमानाला घट्ट मिठासारखी बसून राहतात, शिवाय पाणी धरतात, आणि पाणी म्हणजे पुन्हा घट.

1985 मध्ये सायमन पूल, डेव्हिड पेन आणि मार्टिन फेर्मान यांनी यावर तोडगा काढला. निओडिमियम क्लोराइड त्यांनी नळीच्या आधीच्या भागातच ठेवलं, क्लोरीन सोडून ते कोरडं केलं आणि मग वेगळ्या ज्योतीनं इतकं तापवलं की त्याची थोडी वाफ काचेच्या थरात जाऊन बसली. लाखात काही भाग, एवढंच प्रमाण. बाकीची काच टेलिफोनच्या काचेइतकीच स्वच्छ राहिली. दोन वर्षांनी टाउनसेंड, पूल आणि पेन यांनी याहून सोपी रीत दिली: थर वितळवायच्या आधीच, भुकटीच्या सच्छिद्र अवस्थेत ठेवायचा, हव्या त्या क्षाराच्या द्रावणात भिजवायचा, वाळवायचा आणि मगच वितळवायचा. काचेत असं मुद्दाम काही मिसळण्याला डोपिंग म्हणतात, आणि ते करणाऱ्या जगातल्या बहुतेक प्रयोगशाळा आजही याच रीतीनं काम करतात. चर्चा नेहमी लेसरची आणि सूत्रांची होते, पण मला हा भिजवण्या-वाळवण्याचा शोध त्या दशकातल्या मोठ्या शोधांपैकी एक वाटतो.

1986 मध्ये मार्क फॅरीज, फेर्मान, रिचर्ड लेमिंग, पूल, पेन आणि लीच यांनी निओडिमियमचा फायबर तापमापक म्हणून वापरून दाखवला. वर्षभरापूर्वीच्या रामन निबंधावरचं लीच हे नाव इथेही आहे. ही माणसं एकमेकांपासून दूर नव्हती. त्यांची कल्पना सरळ होती. निओडिमियमचे अणू काही तरंगलांबींवर प्रकाश गिळतात. अणूतले इलेक्ट्रॉन उष्णतेनं वरच्या पातळ्यांवर चढतात आणि तापमानानुसार ही वाटणी बदलते, त्यामुळे गिळलेला प्रकाशही कमीजास्त होतो. बातमी निओडिमियम बनवतो आणि रॅले विखुरणं ती ओटीडीआरपर्यंत परत आणतं. परत येणारा प्रकाश रामन प्रकाशासारखा क्षीण नसतो, त्यामुळे साधा लेसर, साधा शोधक पुरतो. पुढे याच गटानं होल्मियमचाही असा फायबर केला.

पण बाजारात हा फाटा हरला. हवं ते काम करणारा निओडिमियमच प्रकाश खातो. जास्त मिसळला तर तापमान नीट कळतं पण प्रकाश लवकर संपतो. कमी मिसळला तर दूर जातो पण बोलत नाही. त्यातून एखाद्या मीटरचं तापमान काढायचं तर आधीच्या आणि नंतरच्या प्रकाशातल्या फरकावरून काढावं लागतं, आणि आधीच्या चुका पुढे साठत जातात. रामनला यातलं काहीच नको. त्याला दुकानात मिळणारा टेलिफोनचा फायबर चालतो. 1980 च्या दशकाच्या शेवटी साउथॅम्प्टनजवळच्या यॉर्क कंपनीनं रामनवर चालणारे तापमापक विकायला सुरुवात केली. भूमिगत वीजवाहिन्या, बोगद्यांतली आगीची सूचना, तेलविहिरी अशा ठिकाणी ते गेले. पुढे याच धंद्यातून निघालेली सेन्सा ही कंपनी 2001 मध्ये श्लुंबर्जेनं घेतली. तेलविहिरीच्या काही किलोमीटर खोल नळीत कुठून काय शिरतंय हे तापमानावरून कळतं, आणि त्याची किंमत मोजायला तेल कंपन्या तयार होत्या.

तरी निओडिमियमचा तो फायबर मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या हरलेल्या प्रयोगानं हात तयार केले. काचेत नेमकं किती दुर्मिळ मृदा मूलद्रव्य घालायचं, स्वच्छता न गमावता कसं घालायचं, हे साउथॅम्प्टनला येऊ लागलं होतं. 1987 मध्ये त्याच प्रयोगशाळेत रॉबर्ट मिअर्स, लॉरेन्स रीकी, इयान जॉन्सी आणि पेन यांनी निओडिमियमच्या जागी एर्बियम घातलं आणि 1.54 मायक्रॉनवर, म्हणजे सिलिका जिथे सर्वांत कमी प्रकाश गमावते नेमक्या तिथे, प्रकाश थेट तंतूतच वाढवून दाखवला. बेल लॅब्जचे इमान्युएल देसुर्व्हिर त्याच वेळी तिथे पोचले होते. समुद्राखालच्या केबलमध्ये ठरावीक अंतरांवर प्रकाशाची वीज करून पुन्हा प्रकाश करायची गरज त्यानं संपली. इंटरनेटचा इतिहास लिहिताना हा प्रसंग टाळता येत नाही. संवेदकांचंही भलं झालं: दूरवरून येणारे क्षीण स्पंद वाढवायला तोच एर्बियम फायबर कामी आला.

ब्रिल्वाँचा फाटा जपाननं पुढे नेला. फायबर ओढला गेला की त्यातल्या ध्वनिलहरींची वारंवारता बदलते, हे एनटीटीच्या त्सुनेओ होरिगुची आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवलं. 1.55 मायक्रॉनच्या प्रकाशात हा सूर 11 गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि एका अंशाला सुमारे एक मेगाहर्ट्झ सरकतो. यातही काचेतली भेसळ बोलते. जर्मेनियम जास्त असेल तर काचेतला ध्वनी मंद होतो आणि सूर खाली येतो. फायबर कोणत्या पाककृतीचा आहे हे ब्रिल्वाँच्या आलेखावरून ओळखता येतं.

रॅले विखुरणं मात्र घन काचेत बराच काळ मुकं समजलं गेलं. तापमान बदललं तरी त्याची तीव्रता बदलत नाही, मग त्याचं काय करायचं? उत्तर आलं 1998 मध्ये, नासाच्या लँगली केंद्रातून. मार्क फ्रॉगॅट आणि जेसन मूर यांनी लेसरची तरंगलांबी हळूहळू बदलत तंतूतून येणारा रॅले प्रकाश वाचला. थिजलेल्या चढउतारांची नक्षी प्रत्येक तंतूत वेगळी असते आणि ती आपणहून बदलत नाही. तंतू ताणला किंवा तापला की ती नक्षी तेवढीच लांबते, आणि आधीच्या नोंदीशी ताडून पाहिली की मिलिमीटरभर जागेतलाही ताण वाचता येतो. ज्याला दोष म्हटलं तोच थिजलेपणा इथे उपयोगी ठरला. दुसरीकडे टेक्सासमधल्या हेन्री टेलर यांच्या विचारातून पुढे आलेल्या तंत्रानं त्याच रॅले प्रकाशातून कंपनं ऐकता येऊ लागली. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागराच्या तळाशी असलेल्या केबलच्या 20 किलोमीटरवर संशोधकांनी चार दिवस असा कान लावला, आणि 3.5 रिश्टरचा एक भूकंप त्यांना हजारो ठिकाणांहून एकदम टिपता आला.

याच टप्प्यावर डोपिंगचा विसरलेला फाटा परतला. नक्षी वाचायची तर ती ठळक असली तर बरं, मग विखुरणं मुद्दामच वाढवलं तर? जर्मेनियम असलेली काच प्रकाशाला संवेदनशील असते, हे त्याआधी माहीत होतं. 1978 मध्ये ओटावात केन हिल यांनी ते पाहिलं होतं, आणि 1989 मध्ये जेराल्ड मेल्ट्झ यांच्यासोबत मोरी आणि ग्लेन यांनी बाजूनं अतिनील प्रकाश टाकून काचेत जाळी कोरून दाखवली होती. लंडनच्या परिषदेतल्या त्या निबंधावर स्नित्झर यांच्यासोबत याच दोघांची नावं होती. 2015 मध्ये माँट्रियालच्या पॉलिटेक्निकमध्ये रामन कश्यप यांच्या गटानं तर कोणतीही जाळी न कोरता, साध्या तंतूवर नुसता अतिनील प्रकाश टाकून रॅले विखुरणं वाढवलं आणि मापनाची अचूकता दसपटीच्या आसपास नेली.

फ्रान्समध्ये नीस इथे विल्फ्रिड ब्लांक यांच्या गटानं याहून धीट पाऊल टाकलं. त्यांनी साउथॅम्प्टनच्याच रीतीनं सच्छिद्र थर मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवला. मॅग्नेशियम आणि सिलिका उच्च तापमानाला एकमेकांत नीट मिसळत नाहीत. कांडी बनवताना काच पुन्हा पुन्हा तापते तेव्हा मॅग्नेशियमनं भरलेले गोळे आपोआप वेगळे होतात, काही दहा नॅनोमीटरचे. एके काळी काचकामगार ज्याला बिघाड म्हणून फेकून देत, तो इथे हेतू बनला. कझाकस्तानच्या अस्तानामधल्या नझरबायेव विद्यापीठात डॅनिएले तोसी यांच्या गटानं हा तंतू हाती घेतला, आणि 2018 पासूनच्या निबंधांमध्ये साध्या फायबरपेक्षा दहा हजारपटींहून जास्त विखुरणं नोंदवलं.

एवढ्या विखुरण्याचा पहिला फायदा असा की एकाच यंत्राला अनेक तंतू एकदम जोडता येतात. साधारणपणे समांतर जोडलेल्या तंतूंचा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि काही कळत नाही. पण प्रत्येक तंतूत मॅग्नेशियमचा तुकडा वेगळ्या अंतरावर ठेवला, तर त्या अंतरावर तो एकटाच इतका तेजस्वी असतो की बाकीच्यांचा आवाज दबतो. तोसी यांच्या गटानं असे अनेक तंतू डुकराच्या यकृताच्या तुकड्यात टोचले, मध्ये रेडिओ लहरींनी पेशी जाळणारी सुई ठेवली आणि भोवतालचं तापमान मिलिमीटर-मिलिमीटरनं वाचलं. यकृताची गाठ जाळताना किती भाग खरोखर मेला आणि निरोगी भागाला कुठे धग लागली, हे शल्यविशारदाला असं जागेवर कळायला हवं असतं. धातूचे तापमापक एकेका बिंदूचं सांगतात आणि रेडिओ लहरींनी स्वतःच तापतात.

अडचण मात्र निओडिमियमचीच आहे, रूप वेगळं. दहा हजारपट विखुरलेला प्रकाश पुढे जायला उरत नाही. हे तंतू काही मीटरांपलीकडे चालत नाहीत. शस्त्रक्रियेच्या खोलीत तेवढी लांबी भरपूर आहे, पुलाच्या किंवा धरणाच्या कामाला ती पुरत नाही. म्हणून आता लक्ष आहे ते कणांच्या मापावर. कांडीचा तंतू ओढताना ते कणही ओढले जातात, लांबतात, तुटतात. म्हणजे भट्टीचं तापमान आणि ओढण्याचा वेग बदलून त्यांचा आकार बदलता येतो, आणि विखुरणं किती मागे येतं व किती बाजूला वाया जातं हे त्या आकारावर ठरतं. मॅग्नेशियमऐवजी कॅल्शियम, स्ट्राँशियम घालूनही प्रयोग झाले आहेत. डोपिंगचं हे काम कलकत्त्यालाही होतं: सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एर्बियम आणि इतर मूलद्रव्यं मिसळलेले तंतू बनतात. ही संस्था जादवपूरला राजा सुबोधचंद्र मल्लिक रस्त्यावर आहे, आणि रामन यांची असोसिएशन बौबाजारातून हलली ती याच रस्त्यावर आली.